धुरावरचं बी

माझ्या घरी जग बुडायची सगळी तयारी आहे, असं उज्ज्वला आल्यागेल्याला सांगते. उज्ज्वला माझी बायको. चौतीस वर्षं संसार केलाय, तेव्हा बोलायचा अधिकार तिला आहे, पण वाक्य चुकीचं आहे. तयारी जग बुडायची नाही, जग बुडाल्यावर आपण टिकायची आहे. हा फरक मी तिला कितीतरी वेळा समजावून सांगितला. तिने तो कितीतरी वेळा ऐकून घेतला आणि भाजी चिरत राहिली.

मी अंबाजी. तळेगावच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. हेल्मेट विसरलेल्या माणसाला गेटवरून परत पाठवणारा, मॉक ड्रिलच्या दिवशी शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा. माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगू, ऐकून बरंच वाटायचं. माझ्या काळात त्या कारखान्यात कोणाचं बोट तुटलं नाही.

हा स्वभाव वडिलांकडून आला. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते पुण्यात नारायण पेठेत भाड्याच्या खोलीत राहत. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले आणि परत आले तेव्हा खोलीच्या जागी चिखल होता. मी त्यानंतर दोन वर्षांनी तळेगावात जन्मलो. आमच्या दाराशी एक पत्र्याची पेटी कायम दोरीने बांधून ठेवलेली असे. त्यात कागदपत्रं, दोन धोतरं, मीठ आणि काडेपेटी. आई कधी घाईत त्यातली काडेपेटी काढायची आणि मग वडील दिवसभर तिच्याशी बोलायचे नाहीत. वडील गेले तेव्हा भावांनी भांडी घेतली, मी पेटी घेतली.

लॉकडाऊनमध्ये किराणा मिळवताना जी धावपळ झाली ती माझ्या मनातून कधी गेली नाही. निवृत्त झाल्यावर लोणावळ्याजवळ औंढ्याला थोडी जागा होती तिथे घर बांधलं आणि घरामागे जहाजावरचा जुना लोखंडी कंटेनर आणून ठेवला. त्याला मी कोठार म्हणू लागलो. आत निळे ड्रम, तांदूळ, गहू, डाळी, मीठ, मेणबत्त्या, औषधं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, आणि सगळ्यावर तारखांची लेबलं. धान्य चंदेरी पिशवीत भरायचं, आत प्राणवायू शोषून घेणारी पुडी टाकायची, इस्त्रीने पिशवीचं तोंड चिकटवायचं, मग ना किडा ना बुरशी. वीस वर्षं टिकतं, असं व्हिडिओतला माणूस सांगायचा. तो कुठल्याशा बर्फाळ मुलखात राहत होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

माझ्यासारखे आणखी होते. 'सज्ज' नावाचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता, पुण्यातले आणि तळेगावातले मिळून चाळीसेक जण. अणुबॉम्बच्या भीतीने अमेरिकेत लोकांनी परसात तळघरं कशी खणली, स्वित्झर्लंडमध्ये निवारे बांधायचा कायदाच कसा आहे, असलं तिथे चालायचं. मी एकदा लोहगडावर लिहिलं होतं. वेढा पडणार हे धरून कातळात पाण्याची टाकी खोदणारी आपलीच माणसं होती, आपल्याला बाहेरच्यांनी काय शिकवायचं, असं. त्याला भरपूर अंगठे मिळाले. पण गटाचा पहिला नियम बाहेरूनच आलेला होता आणि मला तो पुरता पटला होता: आपल्याकडे काय आहे ते कोणाला सांगायचं नाही, कारण वेळ आली की पहिलं दार शेजारीच फोडतो. म्हणून कोठाराची एक किल्ली माझ्या गळ्यात आणि दुसरी वडिलांच्या पेटीत. उज्ज्वलालाही मी ती दिली नव्हती.

"तुम्ही कुठे घसरून पडलात तर मी त्या डाळीकडे बाहेरून बघत बसू का?" ती विचारायची.

गुप्ततेचं म्हणाल तर कंटेनरखालचा कोबा सावळाने केला होता आणि ड्रमही त्यानेच पाठीवरून आत नेले होते. सावळा आमच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतला. डोंगरउतारावर थोडी वरकस जमीन, बाकीचे दिवस मजुरी. तेव्हा माझं गुपित अख्ख्या वाडीला माहीत होतं. त्यात कोणाला फारसा रस नव्हता, एवढंच.

गेल्या वर्षी जानेवारीत एके सकाळी सावळा आला, सोबत त्याची आई. बाया तिचं नाव. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळी, डोक्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. ते तिने माझ्या ओट्यावर उतरवलं आणि म्हणाली, "सायेब, ह्ये ठिवा तुमच्याकडं."

"काय आहे, मावशी?"

"भाताचं बी. डोंगऱ्या."

डोंगऱ्या हे त्यांच्या घरचं भात. उतारावर येतं, वाऱ्याला लोळत नाही आणि पावसाने लवकर पाठ फिरवली तरी तोवर पिकून बसतं. दुकानात मिळत नाही. वाडीत बाकीच्यांनी केव्हाच इंद्रायणी धरला होता, डोंगऱ्या राहिला होता तो एकट्या बायाच्या घरात. पण मग ते बी माझ्याकडे कशाला, हे मला कळेना. ते सावळाने सांगितलं.

"आमच्यात समदं बी येका छपराखाली ठिवत न्हाईत. आपलं आपल्या घरी, आन थोडंथोडं तीन घरी. येक माज्या भनीकडं, बबिताकडं. येक टाकव्याला नंदामावशीकडं. तिसरं घर व्हतं त्ये गेल्या साली वाडी सोडून गेलं. आयी म्हनली, सायबाचं घर लय मजबूत हाय."

सत्तावीस वर्षांत एकाही ऑडिटरने मला असं सर्टिफिकेट दिलं नव्हतं. मी छाती फुगवून गाठोडं उचललं.

"धुरावर टांगा," बाया म्हणाली. "डब्यात कोंडू नका. चूल कुटंय तुमची?"

चूल नव्हती. आमच्याकडे इंडक्शनची शेगडी, आणि गॅस अडीअडचणीला. मी म्हटलं, "मावशी, चुलीपेक्षा चांगली सोय आहे. काळजी करू नका." तिने कंटेनरकडे एकदा पाहिलं. पण जायला उठेना.

"आता तुमचं काय ठिवू आमच्याकडं?" तिने विचारलं.

ती पद्धतच होती. एकाची ठेव घ्यायची तर आपलंही काहीतरी त्याच्या घरी ठेवायला द्यायचं. मी आत जाऊन सौरऊर्जेवर चालणारी एक नवी बॅटरी आणून तिच्या हातात दिली.

"ह्ये देनं झालं," ती म्हणाली. "ठिवाया द्या. तुमचंच असंल कायतरी, माघारी न्याल असं."

मला हसू आलं. "माझं सगळं इथेच सुरक्षित आहे, मावशी."

तिने वाद घातला नाही. बॅटरी कमरेला खोचली आणि दोघं वाटेला लागली. मी त्याच दुपारी डोंगऱ्या चंदेरी पिशव्यांत भरला, पुड्या टाकल्या, तोंडं चिकटवली आणि ड्रमवर लेबल लावलं: डोंगऱ्या, बियाणं, मुदत २०४४. त्याचा फोटो गटावर टाकायचा मोह झाला होता, पण नियम आठवला.

मे महिन्याच्या मध्याला वळवाचा मोठा वारा आला. आमच्या घराचं एक कौल हललं नाही. वाडीत मात्र सावळाच्या घरावरचे पत्रे उडून खालच्या ओढ्यात गेले. घरातली सगळी बबिताच्या सासरी एका लग्नाला गेली होती, ती तिसऱ्या दिवशी परतली. तोवर घरच्या कणगीतल्या बियाने पाणी पिऊन कोंब काढले होते आणि खालचा थर कुजून गेला होता. बबितालाही फोन केला, तर तिच्याकडचं बी उन्हाळ्यात उंदरांनी खाल्लेलं. तिने ते लग्नात भीतीपोटी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं बायाने मला ओट्यावर बसून सांगितलं, शेजारच्या गावची हकिकत सांगावी तशा आवाजात. मग म्हणाली, "बी न्यायला आलो, सायेब."

मी कबूल करतो, मला आनंद झाला. कोणाच्या घरावरचे पत्रे गेल्याचं ऐकून आनंद होणं बरं नव्हे, पण झाला. इतकी वर्षं ज्या दिवसासाठी मी तयारी करत होतो तो दिवस आला होता आणि माझं कोठार कामी येणार होतं. मी गळ्यातली किल्ली काढली, दोघांना आत नेलं, आणि पिशवी त्यांच्यासमोर कात्रीने कापली. दाणा जसाच्या तसा होता. ना कीड, ना बुरशी. "बघा," मी म्हटलं. कंटेनरमध्ये इतकं उकडत होतं की दाराच्या कडीला हात लावून चटका बसला होता.

बायाने मूठभर दाणे घेतले, नाकाशी नेले, एक दाताखाली फोडला. सावळाने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बघाया लागंल," ती एवढंच म्हणाली. पदराचं टोक ओलं करून तिने त्यात चिमूटभर दाणे बांधले आणि पिशव्या सावळाच्या डोक्यावर देऊन निघाली.

तिचं ते "बघाया लागंल" मला टोचलं. मी ताटात ओलं फडकं अंथरलं, त्यावर पिशवी कापताना सांडलेल्यांतले शंभर दाणे मोजून ओळीत मांडले आणि झाकून ठेवलं. तपासणी म्हणजे काय ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कारखान्यातलं प्रत्येक अग्निशामक नळकांडं मी दर महिन्याला तपासत असे. चौथ्या दिवशी फडकं उचललं तर शंभरातल्या तिघांना कोंब होते. सहाव्या दिवशी चार झाले. बाकीचे दाणे फुगून मऊ पडले होते आणि त्यांना आंबूस वास येत होता.

उज्ज्वला शेजारी येऊन उभी राहिली. "खायला चालला असता ना हा तांदूळ?"

"चालला असता," मी म्हटलं, आणि म्हणताम्हणता मला सगळं कळलं. व्हिडिओतला तो माणूस खायचं धान्य टिकवत होता. खायचं धान्य मेलेलं असलं तरी पोट भरतं. बी जिवंत राहावं लागतं. दाण्यात थोडी ओल होती, ती मी पिशवीत कोंडली, वरून लोखंडाचं ते घर दोन महिने तापलं, आणि डोंगऱ्या आतल्या आत शिजला. माझ्या कोठारात आणून ठेवलेली एकमेव जिवंत वस्तू होती ती, आणि तीच मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीची वाट चढलो. अर्ध्या तासाची चढण. त्या अर्ध्या तासात मी मनात अपघाताचा अहवाल लिहीत होतो. अहवालात मूळ कारण नावाचा रकाना असतो. त्या रकान्यात माझ्या खात्याचं नाव कधी येऊ दिलं नव्हतं मी. मशीन जुनं असतं, कामगार बेफिकीर असतो, माल पुरवणाऱ्याचा माल खराब असतो. वर पोचेपर्यंत अहवाल तयार होता.

सावळाच्या घरावर निळा कागद ताणला होता. खाली खाचराच्या कडेला राब भाजून झालेला दिसत होता. शेण, पालापाचोळा आणि झाडांची छाटलेली कवळं जाळून केलेला राखेचा काळा चौकोन. पाऊस पडायच्या आधी त्या राखेत बी फेकायचं असतं. सगळी तयारी करून तो चौकोन बियाची वाट बघत होता. बाया दारात बसली होती आणि तिच्यापुढे पदराची ती गाठ सोडलेली होती. तिलाही कळलेलं होतं.

"मावशी," मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बी ओलं होतं तुमचं."

"व्हय," ती म्हणाली. "वलं व्हतं. म्हनून तर धुरावर टांगा म्हनले व्हते."

 ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, मला ते जमतं. मी खाली दगडावर बसलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. ज्या बाईने घर मजबूत म्हणून बी माझ्याकडे आणलं तिलाच मी तिच्या बियाचा दोष सांगायला अर्धा तास चढून आलो होतो.

"माझ्यामुळे गेलं," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"न्हाई ऐकलं," बाया म्हणाली. मग उठून तिने मला पाणी दिलं. "टाकव्याला जाऊन यावं लागंल. नंदाकडं हाय का बगू."

"आणि तिथे नसलं तर?"

उत्तर सावळाने दिलं. "तर डोंगऱ्या संपला. मंग इंद्रायणीच लावायचा सगळ्यांसारका." तो हे शांतपणे म्हणाला, पण म्हणताना आईकडे बघत नव्हता.

त्याच दिवशी मी गाडी काढली. बाया पुढे बसली, सावळा मागे, माझ्या संकटकाळच्या पिशवीशेजारी. त्या पिशवीत शिट्टी, दोरी, चाकू, बिस्किटं, तीन दिवसांचं पाणी असतं आणि ती गाडीतून कधी खाली उतरत नाही. बायाने पदरात काहीतरी जपून धरलं होतं. कान्हे फाट्याला रेल्वेचं फाटक बंद होतं. दोन गाड्या गेल्या तरी उघडेना. मी बोटांनी स्टिअरिंग वाजवत होतो. बाया म्हणाली, "उगडंल की. किती घाई."

वाटेत तिने सांगितलं. तीस वर्षं ती टाकव्याला नंदाबाईच्या खाचरात लावणीला जात होती. नंदाबाई मोठ्या शेतकरी घरातली, ही मजूर. पण पहिल्याच वर्षी बांधावर भाकरी खाताना दोघींनी बियांची अदलाबदल केली ती आजवर चालू. दर जानेवारीला बाया नवं गाठोडं नेऊन देते, जुनं परत आणून घरी खायला काढते. गुडघ्यांनी लावणी सुटली, पण ही खेप सुटली नाही. त्या जानेवारीत मात्र माझ्याकडे येऊन गेल्यावर तिला ताप आला आणि ती गेली नव्हती. म्हणजे तिथे जे काही असेल ते वर्षाचं जुनं. ते जिवंत असेल का, हे मी विचारलं नाही. विचारायचा माझा हक्क राहिला नव्हता.

इंद्रायणीचा पूल ओलांडून टाकव्यात शिरलो आणि नंदाबाईच्या दाराशी गाडी थांबवली. दोन मजली नवाकोरा बंगला. आत चकचकीत स्वयंपाकघर, ओट्यावर काचेची शेगडी, वर धूर ओढणारं यंत्र. तिथे बियाला धूर कुठून लागणार होता. सुनेने चहा टाकला. नंदाबाई खुर्चीत बसल्या होत्या. बायाने हकिकत सांगितली, वारा, उंदीर आणि मग मी. माझ्या वाट्याला तिने दोनच शब्द खर्च केले, "सायबाकडचं गेलं." कसं गेलं ते सांगितलंच नाही.

नंदाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि काठी टेकत उठल्या. "या मागं."

मागच्या अंगाला गोठा होता आणि गोठ्याच्या कोपऱ्यात अंघोळीचं पाणी तापवायची चूल. वर आढ्याला कोळशासारखं काळं झालेलं एक गाठोडं लटकत होतं. सावळाने ते उतरवलं तेव्हा त्याच्या हाताला काजळी लागली.

"सून रोज म्हनतीय, त्ये काळं गाठोडं टाकून द्या, लोक हसत्यात," नंदाबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, माजं असतं तर कवाच टाकलं असतं. बायाचं हाय, कसं टाकू."

बायाने एक दाणा दाताखाली फोडला. कट्‌ असा आवाज आला, मला ऐकू येईल इतका. तिचा चेहरा तेवढ्यापुरता सैल पडला. मग तिने इतका वेळ पदरात धरलेली वस्तू काढली. वाळलेल्या भोपळ्याचं पोकळ तुंबडं, तोंडाला चिंधी कोंबलेली.

"तुजं घेवड्याचं आन भोपळ्याचं बी," ती नंदाबाईंना म्हणाली. "बगून घे. येक दाना भिजला न्हाई."

"पत्रे उडाले तरी?"

"लग्नाला जाताना तुजं वाडीतल्या धोंडाबाईच्या घरी ठिवून गेलते. माजं ऱ्हायलं घरात."

त्या दोघींना यात काही विशेष वाटलं नाही. नंदाबाईंनी तुंबडं कानाशी हलवून पाहिलं आणि बायाला परत दिलं. मी गोठ्याच्या दाराशी उभा होतो. माझ्या ड्रमांवर वीस वर्षांच्या मुदती होत्या, आणि इथे आपलं वाऱ्यावर सोडून दुसऱ्याचं जपणारी बाई होती. जोरजोराने नाक शिंकरून मी धुराला दोष दिला. चूल तर पेटलेलीही नव्हती.

दोन पायल्या बी मिळालं. त्याची चाचणी आम्ही घेतली, म्हणजे बायाने पदरात आणि मी ताटात. माझ्या ताटात शंभरातले ब्याऐंशी उगवले. आकडा सांगायला वाडीवर गेलो तर बायाने आधीच राखेत बी फेकलं होतं. त्या वर्षी सावळाने खालच्या खाचरात इंद्रायणी लावला आणि वरच्या उतारावर तेवढा एक तुकडा डोंगऱ्याचा, फक्त बियासाठी. मी लावणीला गेलो होतो. तासाभरात कंबर धरली आणि लावणीच्या बायकांनी मला बांधावर बसवून ठेवलं. आश्विनात तो तुकडा पिवळा झाला तेव्हा रानडुकरं येऊ नयेत म्हणून माझी संकटकाळची शिट्टी पहिल्यांदा उपयोगाला आली.

गटावर मी यातलं काही लिहिलं नाही. एकदा फक्त विचारलं की तुमच्यापैकी किती जणांना शेजारच्या घरातल्या माणसांची नावं माहीत आहेत. तिघांनी उत्तर दिलं आणि एकाने विचारलं, हा कशाचा सर्व्हे.

या जानेवारीत सावळा आणि बाया पुन्हा ओट्यावर आली. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. ती ते उतरवायच्या आत मी म्हटलं, "मावशी, माझ्याकडे नको. मी मारलं होतं मागच्या वेळी."

"व्हय, मारलं," ती म्हणाली आणि गाठोडं खाली ठेवलं.

"मग दुसरं घर बघा. वाडीत बघा."

"नव्या घराला पुन्ना पयल्यापास्नं शिकवाया लागंल," ती म्हणाली. "तुमाला शिकवून झालंय, भाऊ."

आजवर ती मला सायेब म्हणत आली होती.

सावळाने त्याच दुपारी आमच्या मागच्या पडवीत मातीची चूल घातली, वर आढ्याला दोर बांधला आणि गाठोडं टांगलं. उज्ज्वलाने पहिली काटकी पेटवली. चुलीतून धूर निघाला, छताशी पोचला आणि मीच बसवलेला धुराचा भोंगा किंचाळायला लागला. बायाने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी स्टुलावर चढलो आणि भोंगा उघडून त्यातला सेल काढून टाकला. ह्याच गोष्टीसाठी मी एका सुपरवायझरला आठ दिवस घरी बसवलं होतं. त्याचं नाव पप्पू होतं आणि भेटला तर त्याला हे सांगायचं आहे.

भोंगा थांबला. बाया पदर सावरून उभी राहिली. या वेळी तिने बदल्यात ठेवायला काही मागितलं नाही. एकदा विचारून झालं होतं.

मी आत गेलो. वडिलांच्या पेटीची दोरी सोडली, तळातून कोठाराची दुसरी किल्ली काढली आणि बाहेर येऊन तिच्यापुढे धरली.

"ही ठेवा तुमच्याकडे. माझीच आहे."

"कशाची?"

मी कंटेनरकडे बोट दाखवलं. सावळा माझ्याकडे बघत राहिला. त्याला आत काय काय आहे ते लेबलांसकट माहीत होतं.

"चला," उज्ज्वला चुलीपुढून म्हणाली, "आता मला लागली तर मागायला घर तरी झालं."

बायाने किल्ली तळहातावर घेऊन वजन केल्यासारखी पाहिली. "आन आमाला लागली तर?"

"तर उघडा. मला विचारू नका."

"आन तुमाला लागली तर?"

"तर मी वर येईन."

तिने किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि सावळाच्या पुढे वाडीची वाट चढू लागली.